रिबलहेडचा पूल आणि कंपनीची खतावणी

इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात, बॅटी मॉस नावाच्या दलदलीवर १८७० ते १८७४ या काळात २४ कमानींचा जो रिबलहेडचा रेल्वेपूल उभा राहिला, तो बांधणाऱ्या मिडलंड कंपनीलाच तो बांधावयाचा नव्हता, हे त्याच्या स्तुतिपाठकांना सहसा आठवत नाही. प्रतिस्पर्धी कंपनीशी बिनसल्यामुळे तिने सेटल ते कार्लाइल या मार्गाची मंजुरी मिळविली. पुढे समेट होताच तो बेत सोडून देण्याची मुभा मागितली. परंतु त्या मार्गावर भिस्त ठेवून बसलेल्या अन्य कंपन्यांनी हरकत घेतली आणि पार्लमेंटने मुभा नाकारली.

नाइलाजाने हाती घेतलेले हे काम कंपनीने मात्र हलगर्जीपणाने केले नाही. ४०० मीटर लांबीच्या आणि ३२ मीटर उंचीच्या या पुलाचा दर सहावा खांब मुद्दाम अधिक जाड ठेवला, जेणेकरून एक खांब ढासळला तरी सहांहून अधिक कमानी त्याच्यामागून जाऊ नयेत. या दूरदृष्टीत मजुरांच्या जिवाचा हिशेब नव्हता. वादळी माळावर सेवास्तोपोल, जेरिको अशा भारदस्त नावांच्या झोपडवस्त्यांतून ते सहकुटुंब राहिले. अपघातांनी आणि देवीच्या साथीने इतके दगावले, की चॅपल-ल-डेलच्या चर्चला आपली दफनभूमी वाढवावी लागली.

शतकानंतर ब्रिटिश रेल्वेने पुलाच्या दुरुस्तीचा अवाढव्य खर्च पुढे करून संपूर्ण मार्गच बंद करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा हरकतींचा पाऊस पडला. त्यांत एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता, आणि त्याचे तिकीट काढले जात असल्यामुळे ती हरकत दप्तरी दाखलही झाली! पुढे प्रत्यक्ष दुरुस्तीचा प्रयोग करून पाहता खर्च पूर्वीच्या अंदाजाहून बराच कमी येईल असे दिसले, आणि ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने तो प्रस्ताव फेटाळला.

म्हणजे कंपनीच्या खतावणीवर विसंबले असते, तर हा पूल प्रथम झालाच नसता आणि झाल्यावर टिकला नसता. आपल्याकडेही एखादा जुना पूल वा अरुंदमापी मार्ग मोडीत काढण्याचा हुकूम सुटण्यापूर्वी, ज्यांचे जाणे-येणे त्यावर अवलंबून आहे त्यांच्या हरकती जाहीरपणे मागवाव्यात, आणि दुरुस्तीचा खर्च कागदावर न ठरविता एखादी कमान खरोखर दुरुस्त करून पडताळावा, एवढी मागणी वाचकांनी आपापल्या लोकप्रतिनिधींकडे अवश्य करावी.