बंदीचा कागद जूनमध्ये निघतो, माणसं जुलैमध्ये बुडतात

यंदाचा आदेश अजून निघालेला नाही. निघेल. दोन मोठ्या सरी झाल्या, पहिल्या रविवारी नेरे-मालडुंगे रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, की निघेल. मजकूर मी आत्ताच सांगतो, कारण माझ्या नोकरीत मी तो दर वर्षी टाइप करत आलोय. धबधबे, धरणं, तलाव यांच्या एक किलोमीटर परिसरात वाहनांना बंदी, खोल पाण्यात उतरायला बंदी, मद्य बाळगायला बंदी, प्लास्टिक-थर्माकोल टाकायला बंदी. धोकादायक ठिकाणी सेल्फीला बंदी, ही ओळ मागाहून घातली. पूर्वी खाली कलम १४४ असायचं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, आता कलम १६३ असतं. आकडा बदलला, बाकी स्वल्पविरामसुद्धा तोच.

हे कलम कशासाठी आहे, जरा बघा. अचानक काही उद्भवलं, दंगल, पूर, जिवाला तातडीचा धोका, तर दंडाधिकाऱ्याने लगेच हुकूम काढावा म्हणून. असा हुकूम एरवी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, कारण तो तातडीचा आहे असं कायदाच धरून चालतो. आता मला सांगा, पनवेलमध्ये पावसाळा अचानक उद्भवतो का? गाढी नदीला पाणी येणार हे जूनच्या आधी कुणाला माहीत नसतं? जी गोष्ट दर वर्षी ठरल्या महिन्यात येते, तिच्यासाठी आठ महिने आधी तयारी करायची असते. आपल्याकडे तयारीच्या जागी कागद आहे.

आधी स्वतःचं सांगतो. हा कागद टिकून राहण्यात आम्हा पत्रकारांचाही हात आहे. कुणी बुडालं की बातमीचं पहिलं वाक्य तयारच असतं: 'मनाई आदेश धुडकावून वर्षासहलीला गेलेल्या तरुणाचा...' मथळा, 'अतिउत्साह बेतला जिवावर'. मी असे मथळे किती दिले, मोजले नाहीत. लाज वाटते म्हणून मोजले नाहीत. पाच-सहा वर्षांपूर्वी एका सरकारी रुग्णालयाच्या शवागाराबाहेर नाव आणि वय विचारायला उभा होतो. मुलगा एकोणीस वर्षांचा. वडील कळंबोलीत ट्रकच्या धंद्यात. त्यांनी मलाच विचारलं, "भाऊ, तिथं अडवायला कुणी नव्हतं का?" नव्हतं. तो दिवस गुरुवार होता. बंदोबस्त शनिवार-रविवारी असतो. मी संध्याकाळी ऑफिसात आलो आणि लिहिलं, 'मनाई आदेश धुडकावून'.

हा शब्द 'धुडकावून' फार सोयीचा आहे. तो लिहिला की मेलेला माणूसच आरोपी होतो. मग बोर्ड होता का, दोर होता का, शिट्टी वाजवणारं कुणी होतं का, हे विचारायची गरजच उरत नाही.

आता गाढी नदीकडे या. देहरंग धरण, म्हणजे गाढेश्वरचं, पनवेल महापालिकेच्या मालकीचं. त्या धरणाच्या पाण्यात कुणीही उतरू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे, ते जुन्या पनवेलचं पिण्याचं पाणी आहे. मी बोलतोय नदीबद्दल आणि ओढ्यांबद्दल. हे सगळं पाणी माथेरानच्या डोंगरावरून येतं. डोंगर सरळसोट, खडक काळा, माती थोडी, त्यामुळे वर पडलेला पाऊस मुरत नाही, धावतो. खाली ऊन असतं, पोरं पाण्यात खेळत असतात, आणि वर ढग कोसळलेला असतो. काही मिनिटांत लोंढा खाली. ठाकूरवाड्यांतल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, पाण्याचा आवाज बदलला, की वर चढायचं, चप्पल घ्यायलाही थांबायचं नाही. कुठल्या डोहाला तळ आहे, कुठल्या कोंडीत पाणी माणसाला आत ओढतं, कुठला दगड शेवाळ्याचा, हेही त्यांना पाठ आहे. मुंबईहून, ठाण्याहून, आपल्याच खारघर-कामोठ्यातून आलेल्या पोराला यातलं काहीच माहीत नसतं. त्याला सांगायला तिथे कुणी नेमलेलं नसतं.

आणि ज्याला माहीत आहे त्याचं आपण काय करतो? सकाळी अकराला मक्याची कणसं आणि कांदाभजीची पाटी घेऊन बसला तर बंदीच्या क्षेत्रात धंदा केला म्हणून उठवतो. दुपारी चारला कुणी बुडालं की त्यालाच शोधतो, कारण त्या डोहात बुडी मारायची छाती दुसऱ्या कुणात नसते. दोन वर्षांपूर्वी असाच एक जण मला म्हणाला, "दादा, मढं काढायला बोलवतात तेव्हा बंदी नसते का?" मी ही ओळ बातमीत घातली होती. डेस्कवर कापली गेली.

पांडवकड्याची गोष्ट तर खारघरकरांना सांगायला नको. १०७ मीटरचा सरळ कडा, त्याच्या पायथ्याशी जायला कित्येक वर्षं बंदी. बंदी असतानाच २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या. बंदी असतानाच जुलै २०२१ मध्ये खारघरच्या डोंगरात ११६ जण ओढ्याच्या पलीकडे अडकले, बायका-मुलांसकट, आणि अग्निशमन दलाने त्यांना बाहेर काढलं. त्या जवानांना सलाम. पण ११६ माणसं बंदी असलेल्या डोंगरात पोचतात, याला बंदी म्हणायचं का? गेट नाही, मोजणी नाही, आत किती गेले, बाहेर किती आले, याची वही नाही. कुठेतरी एक बोर्ड आहे, आणि सेक्टरमधल्या मुख्य रस्त्यावर चार पोलीस. बाकी डोंगर चारी बाजूंनी उघडा. दरम्यान 'पांडवकडा पर्यटनस्थळ म्हणून विकसित होणार' ही बातमीही आम्ही अधूनमधून देत असतो. तिचाही मजकूर तयार आहे.

काही जण म्हणतील, मग काय, सगळं मोकळं सोडायचं? अजिबात नाही. पांडवकड्याच्या थेट धारेखाली कुणालाच जाऊ देऊ नये, वरून दगड येतात. रेड अलर्टच्या दिवशी सगळं बंद ठेवा, मी स्वतः रस्त्यात उभा राहतो. १९ जुलै २०२३ ची रात्र आपण विसरलेलो नाही. शेजारच्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, जिथे इर्शाळगडावर जाणारे ट्रेकर चहा-पोहे खायचे, ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. डोंगराशी मस्करी करा असं मी कसं म्हणेन. माझं भांडण 'दिवस पाहून बंद' याच्याशी नाही. 'कागद काढून बंद, प्रत्यक्षात उघडं आणि बेवारस' याच्याशी आहे.

व्यवस्था जमते याचा पुरावा लांब नाही. पनवेलपासून १२ किलोमीटरवर कर्नाळा. १९६८ साली अभयारण्य झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरसुद्धा नव्हतं, २००३ मध्ये वाढवून बारावर नेलं. हायवे पोटातून जातो, तरी ते टिकलंय. गेटवर तिकीट आहे, प्लास्टिकच्या वस्तू मोजून डिपॉझिट घेतात आणि परत आणून दाखवलं की देतात. आतली पायवाट बघा आणि मग गाढी नदीचा काठ बघा. माणसं तीच, पनवेल-मुंबईचीच. किंवा धोदाणीत उभे राहून वर बघा. वर माथेरानचा सनसेट पॉइंट. तिथे मोटारीला बंदी आहे, पण माणसाला नाही. माणूस प्रवेश कर भरतो, घोडेवाल्याचं, हमालाचं, खानावळीचं घर त्यावर चालतं. एकाच डोंगराच्या माथ्यावर पर्यटक म्हणजे रोजगार, पायथ्याला पर्यटक म्हणजे गुन्हा.

बाहेरचं एक उदाहरण देतो, कारण 'धबधब्यावर व्यवस्था होऊच शकत नाही' असं मला एका बैठकीत ऐकवलं गेलं होतं. जमैका. आपल्याला क्रिकेटमुळे माहीत, तेही सबाइना पार्कपुरतं. तिथे ओचो रिओस गावाजवळ डन्स रिव्हर फॉल्स म्हणून धबधबा आहे, पायऱ्यापायऱ्यांचा, थेट समुद्राला मिळणारा. लोक तिकीट काढतात, पायात पाण्यातले बूट घालतात, एकमेकांचे हात धरून साखळी करतात, आणि पुढे स्थानिक वाटाड्या. लहान पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत असे वर चढतात. पाऊस जास्त झाला, पाणी वाढलं, की त्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशी बघून पुन्हा चालू. जमैका म्हणजे काही युरोप नव्हे, वादळं झेलणारा छोटासा देश आहे, पैशाची चणचण तिथेही आहे. त्यांचा धबधबा चढण्यासारखा आहे, आपला कडा नाही, हे मला कळतं. त्यांच्याकडून साखळी घ्यायची नाहीये. पाण्याला राखणदार हवा आणि तो तिथल्याच गावातला हवा, एवढंच घ्यायचंय.

गाढीवर हे कसं करता येईल, त्याचा साधा हिशोब. तळ माहीत असलेला, उथळ असा एकच पट्टा नक्की करा, कुठला ते वाडीतली माणसं दाखवतील. दोन्ही काठांना दोर. बाकी डोहांवर कुंपण आणि पक्की बंदी, सात दिवस, नुसती रविवारची नाही. नेऱ्याला गाड्या थांबवा, पुढे पनवेल डेपोच्या एसटीने सोडा. धोदाणीच्या बाजूला वर एक माणूस फोन आणि भोंगा घेऊन बसलेला, पाणी चढलं की खाली सगळे बाहेर. वाडीतली वीस पोरं, लाइफ जॅकेट, शिट्टी, रीतसर प्रशिक्षण. बायकांना कपडे बदलायला आडोसा आणि संडास (हा मुद्दा कुठल्याच आराखड्यात नसतो, कारण आराखडे करणारे सगळे पुरुष). माणशी ५० रुपये धरा. रविवारी हजार माणसं आली असं समजा, ५० हजार झाले. वीस पोरांना हजार रुपये रोज दिला तरी ३० हजार उरतात, त्यात कचरा उचलणं आणि दोर होतो. आकडे अंदाजाचे आहेत, कुणी चांगले करून दिले तर आनंदच आहे.

आता नेरे-मालडुंग्याच्या गावकऱ्यांचं म्हणणं. ते माझ्यावर चिडतील आणि त्यांची बाजू खरी आहे. शेतात फुटलेल्या बाटल्या, आवणात डीजे, घरासमोर गाडी लावून उलट दमदाटी. लावणी करताना पायात काच घुसलेली बाई मी पाहिली आहे. त्यांना बंदी हवी आहे. पण दादांनो, बंदी तर आहेच की इतकी वर्षं. काच थांबली का? उलट असं झालंय की बंदीमुळे कुटुंबवाला माणूस घाबरून येत नाही, आणि आडवाटेने घुसणारा, दारू पिऊन आलेला तेवढा येतो. गेटवर पिशवी तपासणारा तुमच्याच गावचा असेल तर बाटली आत जाणार नाही. आणि अंगाला वास येणाऱ्याला परत पाठवायला त्याला कुठलं कलम लागणार नाही.

पोलिसांबद्दलही एक. त्यांना शिव्या देऊ नका. रविवारी पावसात बारा तास उभं राहून गाड्या वळवायच्या आणि सोमवारी कुणी बुडालं तर उत्तर द्यायचं, हे त्यांचं काम व्हायला नको होतं. जागा एकाची, रस्ता दुसऱ्याचा, जंगल तिसऱ्याचं. महापालिका, वन विभाग, सिडको, जिल्हा परिषद, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि शेवटी सगळ्यात स्वस्त पडतो तो कागद. कागदाला निधी लागत नाही.

८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. अटल सेतू त्याच्या आधीच, जानेवारी २०२४ पासून चालू. हा विमानतळ सुरू झाल्यानंतरचा पहिला पावसाळा. दिल्लीचा माणूस दोन तासांत आपल्या दारात उतरेल, वर हिरवेगार डोंगर आणि पांढऱ्या धारा बघेल आणि टॅक्सीवाल्याला विचारेल, तिकडे जाता येतं का? टॅक्सीवाला काय सांगेल ते तुम्हाला माहीत आहे. "बंदी आहे साहेब, पण सोडतो, पाचशे जास्त द्या."

आदेश निघाल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी मी सकाळी आठपासून नेरे नाक्यावर वही घेऊन उभा राहणार आहे. किती गाड्या परत पाठवल्या आणि त्यातल्या किती आडवाटेने आत गेल्या, हे मोजायचंय. आकडे इथेच टाकीन, आणि महापालिकेला अर्जासोबतही देईन. एकट्याने दोन रस्ते मोजता येत नाहीत. कुणाला चार तास देता येत असतील तर कमेंटमध्ये लिहा, छत्री आणि चहा माझ्याकडून.