डायलिसिसच्या खुर्चीतले चार तास

आज राजकारणावर नाही लिहीत.

ओळखीचे एक काका आहेत. आठवड्यातून तीन दिवस सकाळच्या एस.टी.नं पारोळ्याहून धुळ्याला जातात, चार तास डायलिसिस करून परत येतात. परवा स्टँडवर चहा घेताना तब्येत विचारली. म्हणाले, "आते काय ऱ्हायनं भाऊ!"

क्रिएटिनीन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, सगळे आकडे त्यांना तोंडपाठ. पण झोप लागते का, कुणाशी बोलावंसं वाटतं का, हे दोन वर्षांत कुणी विचारलेलं नाही. घरचे म्हणतात, एवढं आजारपण, असं होणारच.

हे "असं होणारच" मला खटकतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे, 2016 च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे गरिबालाही मशीन मिळालं, हे मोठं काम झालं. पण रक्त साफ झालं म्हणजे माणूस बरा, असं धरून आपण थांबलो.

2022 साली कॉक्रेन या संस्थेनं डायलिसिस रुग्णांच्या व्यायामावरचे 89 अभ्यास एकत्र तपासले. नियमित व्यायामानं, त्यातही चार महिन्यांहून जास्त टिकवला तर, उदासी कमी होते असं त्यातून दिसतं. जर्मनीत तर हजारावर रुग्णांच्या एका अभ्यासात, त्यातल्या एका गटाकडून डायलिसिस चालू असतानाच व्यायाम करून घेतला, वर्षभर. खुर्चीतून उठण्या-बसण्याची त्यांची ताकद वाढली. न करणाऱ्यांची घटली. हा शरीराचा हिशोब झाला, मान्य. पण स्वतःच्या पायानं मोरीपर्यंत जाता येणं ही मनाचीही गोष्ट आहे, घरात आजारी माणूस असलेल्याला हे सांगायला नको.

आणि लागतं काय? पलंगाच्या पायथ्याशी बसवायचं पॅडल, आणि शिकवायला फिजिओथेरपिस्ट. नव्या मशीनची फीत कापायला पुढारी रांग लावतात, पॅडलला फीत नसते, तेवढीच अडचण!

स्वतःच्या मनानं मात्र सुरू करू नका. बीपी, हृदय, साखर बघून डॉक्टरांनी हो म्हटलं पाहिजे. फिस्टुलाच्या हातावर जोर नको. डायलिसिस चालू असताना करायचा तर सहसा पहिल्या दोन तासांत, नंतर बीपी उतरायची भीती असते. आणि जगणंच नको वाटत असेल तर नुसत्या व्यायामावर राहू नका, मानसोपचार डॉक्टरांना भेटा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

काकांना म्हटलं, डायलिसिस नसेल त्या दिवशी संध्याकाळी किल्ल्यापर्यंत चालू, मी येतो सोबत. हसले. "डॉक्टरले इचारीसन सांगस," म्हणाले.

आपल्या भागात कुठल्या केंद्रात व्यायाम करून घेत असतील तर कमेंटमध्ये कळवा. जाऊन बघायचंय.