औशाची स्कूल व्हॅन : आठ सीट, चौदा लेकरं आणि आपली जबाबदारी

सकाळी सातच्या सुमारास औशाच्या मुख्य रस्त्यावर दहा मिनिटे उभे राहून पाहा. बुधोड्याकडून, लामजन्याकडून, आजूबाजूच्या खेड्यांतून स्कूल व्हॅन आणि मिनीबस येत असतात. आठ सीटच्या गाडीत चौदा-पंधरा लेकरं असतात. दप्तरे टपावर, दोन मुले ड्रायव्हरच्या बाजूला आणि एखादा मोठा मुलगा अर्ध्या उघड्या दारापाशी. आपल्यापैकी बहुतेकांनी हे रोज पाहिले आहे. आपलेच मूल त्यात बसवून हात हलवून निरोपही दिला आहे.

ही गाडी सुरक्षित आहे का, असे आपण सहसा कुणाला विचारत नाही. "अल्लाह हाफिज" म्हणतो आणि कामाला लागतो. दुआ करावीच, पण उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवणही आपल्याला आहे. मग या गाडीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे नेमके काय, याचा विचार आज करू.

झालेल्या अपघातांतून काय दिसते

18 नोव्हेंबर 1997 रोजी दिल्लीत वजिराबादजवळ शाळेची बस यमुनेत कोसळली आणि अनेक मुले गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसबाबत निर्देश दिले. अनुभवी चालक, सोबत मदतनीस, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, नीट बंद होणारे दार या गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जात आहेत.

तरीही 15 फेब्रुवारी 2020 रोजी पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लोंगोवाल इथे शाळेच्या जुन्या खटारा व्हॅनने पेट घेतला आणि चार लेकरं आत जळून मेली. बाकीच्यांना शेतात काम करणाऱ्या लोकांनी धावत येऊन बाहेर काढले.

11 एप्रिल 2024 ची गोष्ट तर आपल्या लक्षात राहायला हवी, कारण तो ईदचा दिवस होता. सुट्टी असूनही हरियाणात महेंद्रगड जिल्ह्यात एक शाळा चालू होती. उन्हाणी गावाजवळ तिची बस उलटली आणि सहा मुले गेली. चालक दारूच्या नशेत असल्याचे पोलिसांनी सांगितले. बसचे फिटनेस प्रमाणपत्र 2018 मध्येच संपले होते. वाटेतल्या गावकऱ्यांनी चालकाची अवस्था पाहून चावी काढून घेतली होती, पण शाळेशी बोलणे झाल्यावर ती परत दिली गेली, असेही तेव्हाच्या बातम्यांत आले.

म्हणजे धोका आधी कुणाला तरी दिसलेला होता. जुनी गाडी रोज दिसत होती, संपलेला कागद कुणीही तपासू शकत होते. दिसलेला धोका लिहून ठेवून त्यावर वेळेत काही करणे, यालाच जोखमीचे मूल्यमापन म्हणतात. त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. प्रत्येक धोक्याबद्दल दोन प्रश्न विचारायचे : हे घडण्याची शक्यता किती? आणि घडले तर नुकसान किती मोठे? ज्याची दोन्ही उत्तरे "जास्त" येतात, ते काम आधी.

औशात हे लावून पाहू

पहिला धोका गर्दीचा. ज्यादा मुले असली की ब्रेक उशिरा लागतो, वळणावर गाडी झुकते, आणि पेटली किंवा उलटली तर बाहेर पडायला वाट राहत नाही.

दुसरा इंधनाचा. जुन्या व्हॅनमध्ये परस्पर बसवलेले गॅस किट किंवा घरगुती सिलिंडर. असे घडण्याची शक्यता कमी वाटेल, पण घडले तर लोंगोवाल होते. असल्या गाडीत मूल एक दिवसही बसवू नये. इथे तडजोड नाही.

तिसरा रस्त्याचा. तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्ग आपल्या गावातून जातो. रस्ता चांगला झाला तसा वेगही वाढला. पुढच्या कटवरून वळायला लागू नये म्हणून काही जण चौपदरी रस्त्यावर उलट्या बाजूने गाडी घालतात. त्यात दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू होतो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अशा डबल ट्रॉल्या पहाटेच्या धुक्यात रस्त्यावर असतात. सकाळच्या शिफ्टच्या व्हॅनची वेळही तीच. म्हणून हंगामात वेळ दहा-पंधरा मिनिटे पुढे घेणे किंवा गावातल्या आतल्या रस्त्याने गाडी नेणे, हे शाळेने ठरवता येते.

चौथा चढण्या-उतरण्याचा, आणि तोच आपण सगळ्यात कमी मोजतो. मूल उतरते, गाडीच्या पुढून पलीकडे धावते. मागून येणाऱ्या दुचाकीला ते दिसत नाही, ड्रायव्हरला रिव्हर्स घेताना मागचे लेकरू दिसत नाही. उपाय साधा आहे. घर ज्या बाजूला त्याच बाजूला उतरवायचे, मदतनीसाने हात धरून पलीकडे न्यायचे आणि गाडी हलायच्या आधी मुले मोजायची. मूल गाडीत झोपून राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही, हा धोकाही मोजल्यानेच टळतो.

पाचवा माणसाचा. ड्रायव्हर बदलला तर पालकांना कळते का? एप्रिल 2022 मध्ये मुंबईत सांताक्रूझच्या एका शाळेची बस काही तास बेपत्ता झाली होती. नवा चालक, रस्ता माहीत नाही, फोन लागत नाही. मुले सुखरूप परतली, पण त्या काही तासांत आईबापांचे काय झाले असेल याचा विचार करा.

आपल्याकडे रमजानचाही विचार करायला हवा. आपले बरेच व्हॅनचालक आपल्याच मोहल्ल्यातले आहेत. तरावीह, मग सहेरी, मग सकाळची फेरी. झोप तीन-चार तासांची. दुपारच्या फेरीत डोळा लागणे हा इमानदार माणसालाही होणारा त्रास आहे. त्या महिन्यात बदली चालक ठेवावा किंवा फेऱ्या वाटून घ्याव्यात. हे बोलायला लाजू नये.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्रात स्कूलबससाठी 2011 चे नियम आहेत. वेगमर्यादा शहरी हद्दीत ताशी 40 आणि बाहेर 50 किलोमीटर. गाडीत मदतनीस हवा, मुली असतील तर महिला मदतनीस हवी. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती हवी. तिच्यात पालक, पोलीस, परिवहन आणि शिक्षण खात्याचे लोक असतात. गाड्यांची कागदपत्रे, थांबे, भाडे हे तिने पाहायचे. 2025 मध्ये राज्य सरकारने लहान स्कूल व्हॅनसाठीही वेगळ्या नियमांचा मसुदा आणला.

"गाडी आमची नाही, पालकांनी परस्पर लावली आहे" असे उत्तर काही शाळा देतात. पण मुले त्याच शाळेच्या गेटवर उतरतात. तुमच्या शाळेत ही समिती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, एवढे दोन प्रश्न पुढच्या पालक सभेत विचारा. कागदावर असलेली समिती विचारल्याशिवाय जागी होत नाही.

नंबरप्लेटही पाहा. पांढऱ्या पाटीवर काळे अक्षर म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने मुले नेत असेल तर तिला परमिट नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेते. मग जखमी मुलाचा बाप न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवत बसतो. व्यावसायिक गाडीची पाटी पिवळी असते. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक गाडीला दर वर्षी फिटनेस लागते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस आणि विम्याची तारीख घरबसल्या दिसते. हे काम आज रात्रीच करता येईल.

ड्रायव्हर एकटा दोषी नाही

इथे आपल्याला स्वतःकडे पाहावे लागेल. उदाहरणादाखल हिशेब करू. एका मुलामागे महिना 700 रुपये, चौदा मुले, म्हणजे 9,800. यातच डिझेल, हप्ता, विमा, दुरुस्ती आणि घर. आठ सीटमधली एक चालकाची, उरल्या सात. सातच मुले घ्यायची तर तेवढ्याच रकमेसाठी प्रत्येकी 1,400 लागतात. आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मग गर्दीबद्दल बोलतो. ज्या घरात तीन मुले आहेत आणि कमाई रोजंदारीची, तिथे हे दुप्पट पैसे येणार कुठून, हाही खरा प्रश्न आहे. नुसते "ज्यादा मुले बसवू नका" म्हणून तो सुटत नाही.

वाट निघू शकते. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. बाकी विद्यार्थ्यांना भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत पास मिळतो. जिथे एसटीची वेळ जुळते तिथे मोठी मुले तिकडे गेली तर व्हॅनमध्ये लहानांना जागा होते. वेळ जुळत नसेल तर शाळा आणि ग्रामपंचायतीने मिळून आगाराला लेखी पत्र द्यावे. दोन व्हॅनऐवजी तेरा सीटची एक मिनीबस केली तर मदतनीसाचा खर्च वाटला जातो. दोन फेऱ्या करायच्या असतील तर शाळेने दुसऱ्या फेरीच्या मुलांना उशीर माफ करावा, नाहीतर गर्दी कमी होते आणि वेग वाढतो. ज्यांना फरक झेपत नाही, त्यांच्यासाठी मोहल्ल्यातल्या जाणत्यांनी आणि शाळेच्या संस्थेने काही भार उचलावा.

मुलींचे काय

या विषयात आम्हाला सगळ्यात जास्त काळजी एका गोष्टीची आहे. गाडीत काही वाईट घडले, गर्दीत छेडछाड झाली, एखादा अपघात झाला, की मुलगा दुसऱ्या दिवशी सायकलने शाळेत जातो. मुलीला मात्र "बस झालं शिक्षण" असे ऐकावे लागते. सातवी-आठवीनंतर गावाबाहेरच्या शाळेत मुलगी जाणार की नाही, हे पुष्कळदा मार्कांवर ठरत नाही. ते गाडीवर ठरते. म्हणून महिला मदतनीस ही सोय नव्हे, मुलीच्या शिक्षणाची अट आहे. मोहल्ल्यातल्या एखाद्या खालाला या कामात रोजगारही मिळेल.

या आठवड्यात प्रत्येक घराने चार कामे करावीत. गाडीचा नंबर ॲपवर तपासावा. ड्रायव्हरभाईंना घरी चहाला बोलावून गाडीत किती मुले आहेत, गॅस किट कुठे बसवले, बदली कोण येतो, हे आदराने विचारावे. एका गाडीच्या सगळ्या पालकांनी एक ग्रुप करावा आणि त्यात ड्रायव्हर व शाळा दोघांनाही घ्यावे. मुलाला घरचा नंबर पाठ करून घ्यावा, आणि 112 व 108 कधी लावायचे हे सांगावे.

महेंद्रगडच्या त्या सकाळी गावकऱ्यांनी चावी काढून घेतली होती आणि मग परत दिली. आपल्या हातात ती चावी अजून आहे. औशात कुणाच्याही घरी तशी ईद येऊ नये, एवढ्यासाठी ती नीट धरून ठेवू.