श्वास घेण्यास फुरसत

"श्वास घेण्यासही फुरसत नाहीं," हें वाक्य आपल्या घरांतून दिवसांत एकदां तरी ऐकूं येतें. कचेरींतून परतलेले वडील तें बोलतात, घर व नोकरी दोन्ही संभाळणारी आई बोलते, आणि आतां दहावींतील मुलेंही बोलूं लागलीं आहेत. ही नुसती अतिशयोक्ति आहे असें कोणी म्हणेल. परंतु बारकाईनें पाहिल्यास तींत बरेंच तथ्य आढळेल. कामाच्या ओझ्याखालीं दबलेला मनुष्य श्वास घेतो खरा, पण तो उथळ, घाईचा आणि छातीच्या वरच्या भागांतच घुटमळणारा असतो. संकट टळलें म्हणजे मात्र आपण सुटकेचा निःश्वास टाकतों. सुटका आणि बाहेर जाणारा श्वास यांची ही सांगड आपल्या भाषेनें उगीच घातलेली नाहीं.

भय वाटतांच शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतें, हें अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालीं आपल्या ग्रंथांत विशद केलें. नाडी जलद चालते, स्नायू ताठरतात, श्वासाची गति वाढते. वाघ समोर आला असतां ही सिद्धता उपयोगाची खरी. परंतु वरिष्ठांच्या मेजासमोर किंवा प्रश्नपत्रिकेसमोर लढतां येत नाहीं व पळतांही येत नाहीं. हृदयास "मंद हो" अशी आज्ञा आपणांस देतां येत नाहीं. श्वासास मात्र देतां येते. श्वास आंत घेतांना नाडी किंचित् जलद व सोडतांना किंचित् मंद होते, हें जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनीं १८४७ सालींच नोंदविलें आहे. श्वास सोडतांना वेगस नांवाच्या मज्जातंतूचा हृदयावरील लगाम थोडा आवळला जातो. तेव्हां उच्छ्वास लांबविणें म्हणजे त्या लगामास आपला हात लावणेंच होय.

कृति अगदीं सोपी आहे. पाठ सरळ पण अंग सैल ठेवून बसावें. खांदे खालीं सोडावे. मनांत चार अंक मोजीपर्यंत नाकानें श्वास घ्यावा. त्या वेळीं पोट हलकेंच पुढें यावें. मग सहा अंक मोजीपर्यंत तो सावकाश सोडावा. सेकंदास एक अंक धरल्यास मिनिटास सहा श्वास होतात. एरव्हीं स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास १२ ते २० श्वास घेतो. अशीं पांच मिनिटें पुरेशीं आहेत. बळजोरी मात्र करूं नये, कारण घाईघाईनें खोल श्वास घेतल्यास चक्कर येते. दमा किंवा हृदयविकार असणारांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें; आणि छातींत दुखूं लागल्यास अंक मोजीत न बसतां तात्काळ दवाखाना गांठावा.

हा एखाद्या विशिष्ट पंथाचा आचार तर नव्हे, अशी शंका कांहीं पालकांस येते. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापून प्राणायाम प्रयोगशाळेंत तपासण्यास आरंभ केला, हें अनेकांस ठाऊक असेल. पुढें २००१ सालीं इटलींतील डॉक्टर लुचानो बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनीं २३ व्यक्तींवरील आपलें निरीक्षण 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्यें प्रसिद्ध केलें. लॅटिन भाषेंतील रोझरीची प्रार्थना म्हटली काय किंवा योगमंत्राचा जप केला काय, दोहोंनींही श्वास मिनिटास सुमारें सहापर्यंत मंद झाला! श्वासास त्याचा धर्म विचारण्याचें आपणांस कारण नाहीं. २०२३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनींही असें दाखविलें कीं, महिनाभर रोज पांच मिनिटें दीर्घ उच्छ्वासाचा अभ्यास करणारांची मनोवृत्ति, तेवढाच वेळ ध्यान करणारांपेक्षां अधिक प्रसन्न झाली.

इतकें सांगितल्यावर माझें मुख्य म्हणणें मांडतों. हें साधन उत्तम आहे, म्हणूनच त्याचा दुरुपयोगही सुलभ आहे. दोन माणसांचें काम एकाच्या गळ्यांत बांधावयाचें आणि तो थकला म्हणजे त्यास श्वसनाचा वर्ग भरवून द्यावयाचा, ही रीत कांहीं ठिकाणीं रूढ होऊं पाहत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं आपल्या रोगवर्गीकरणांत अशा शिणवट्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, नोंद व्याधि म्हणून केली नाहीं. कामाच्या ठिकाणच्या दीर्घ आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हणून केली. याचा अर्थ उघड आहे. दोष केवळ थकलेल्याच्या छातींत नसतो. तो कामाच्या वांटणींतही असतो, आणि वांटणी सुधारणें हें श्वास मोजून होणारें काम नव्हे.

मग श्वासाचा उपयोग काय? घाबरलेल्या मनास सर्वच कामें सारखीं निकडीचीं वाटतात. पांच मिनिटांच्या स्वस्थतेनें काम कमी होत नाहीं, पण आधीं कोणतें करावें, कोणतें उद्यांवर टाकावें, कोणासाठीं मदत मागावी आणि कोणतें नम्रपणें नाकारावें, हें सुचूं लागतें. "एवढें माझ्यानें होणार नाहीं," हें सत्य वरिष्ठांस शांत स्वरांत सांगण्याचें बळ त्यांतून मिळालें, तर तो श्वास सार्थकीं लागला. तें सत्य गिळून टाकण्यासाठींच जर तो घेतला, तर तो आपणच आपली केलेली फसवणूक होय.

विद्यार्थिमित्रांनो, प्रश्नपत्रिका हातीं येतांच प्रथम पांच-सहा दीर्घ श्वास घ्या आणि मग लेखणी उचला. मात्र वर्षभर न केलेला अभ्यास श्वास करून देणार नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्या. पालकहो, आपणांपैकीं ज्यांच्या हाताखालीं माणसें काम करितात त्यांनीं त्यांच्या ओझ्याचा हिशेब एकदां पाहावा. आणि निकालाच्या दिवशीं गुणपत्रिका घेऊन मूल दारांत उभें राहील, तेव्हां पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीं, मनांत सहा अंक मोजीत, तो लांब उच्छ्वास आपणच प्रथम सोडावा.