चौकटीची ओल आणि अंगणातला गुलमोहर

पावसाळा सरत आला, की न्हाणीघराच्या दाराची चौकट एकदा खालपासून चाचपून पाहा बरं! वरून रंग कसा झकास दिसतो, आणि बोट दाबावं तर लाकूड आत भुसभुशीत. बहुतेकींना वाटतं, वाळवी लागली. पण वाळवी मातीच्या नळ्या करते. भुंगा लागला तर बारीक भोकं दिसतात आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. यातलं काहीच नाही, लाकूड मात्र तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांनी तडकलंय किंवा पांढरट, धागेदार झालंय, तर ते बुरशीचं काम समजावं.

ही बुरशी लाकूडच खाते. मात्र तिला पाणी लागतं. लाकडातला ओलावा शेकडा 20 च्या खाली राहिला, तर तिचं काही चालत नाही. म्हणून औषधाआधी गळका नळ, फुटकी फरशी, भिंतीची ओल शोधा. ओल्या लाकडावर ऑइलपेंट फासला, तर ओल आतच कोंडते. कुजका भाग आसपासच्या थोड्या चांगल्या लाकडासकट कापून जोड द्यावा. तो तुकडा आधी टाकणखार व बोरिक पावडरच्या पाण्यात मुरवावा. हे पाणी मुलांपासून दूर ठेवा. पावसात भिजणाऱ्या लाकडातून मात्र हे औषध धुऊन जातं.

सुतार "सागच आहे, वहिनी" म्हणेल. पण सागाचा गाभा तेवढा टिकाऊ. बाहेरचं फिकट लाकूड आंबा-सावरीसारखंच लवकर कुजतं. फिकट पट्टा दिसला तर खुशाल परत करा.

अंगणात गुलमोहर असेल तर त्याचा बुंधाही बघा. तिथे लाखेने चकाकवल्यासारखं तांबूस, कडक अळंबं आलं असेल, तर बुरशी आत केव्हाच पसरलेली असते. ते उपटून झाड बरं होत नाही, आणि ढोलीत सिमेंट भरणंही आता कुणी सुचवत नाही. त्याने ओल अडकते. वर पानं हिरवीगार असली, तरी मुळं कुजलेलं झाड वादळात उन्मळतं. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. तेव्हा नगरपालिकेत अर्ज द्या, झाड तपासून घ्या. तोवर मुलांचा झोपाळा त्या फांदीवरून उतरवा, आणि ह्यांची स्कूटरही दुसरीकडे लावायला सांगा.