परीक्षा मे महिन्यात घ्या

मूल्यमापन हा माझ्या पोटापाण्याचा शब्द. बी.एड.ला तो पाठ केला. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आकारिक आणि संकलित नोंदींची रजिस्टरं भरून बोटं दुखवून घेतली. त्यामुळे ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणारी मंडळी ‘बहुभागधारक शिक्षण भागीदारीचं मूल्यमापन’ असं काही बोलू लागली की माझे कान टवकारतात. शब्द भारी आहे, अर्थ साधा. शासन, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सामाजिक संस्था, कॉलेज, एखाद्या कंपनीचा सीएसआर विभाग आणि गावकरी यांनी एकत्र बसायचं, एकमेकांकडून शिकायचं, आणि काय शिकलो ते कुणीतरी तपासायचं. कल्पना वाईट नाही. माझं भांडण आहे ते प्रश्नपत्रिका कोण काढतो, परीक्षा कधी होते आणि पेपर कोण तपासतो, यावर.

आधी त्या शब्दाचंच बघू. मराठीत भागधारक म्हटलं की कंपनीचे शेअर घेतलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. मी उर्दूही शिकवते, तिथे हिस्सेदार म्हणतात. हिस्सेदार म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: हिस्सा किती? शहापूर तालुक्यात पाण्याच्या बाबतीत हाच प्रश्न कुणी विचारत नाही.

तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतं. भातसा त्यानंतरचं, आणि आज मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. हे पाणी धरणातून नदीत सोडतात, ते आमच्या वाशिंदच्या बाजूने वाहत पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथे उचलून पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईत पोचतं. आणि याच तालुक्यात कसारा, डोळखांबच्या बाजूच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतो. पाऊस कमी पडतो म्हणून नाही. पाऊस धो धो पडतो. पण खाली काळा पाषाण, वर उतार. पाणी मुरत नाही, वाहून जातं आणि धरणात साठतं. विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवतात. शहरासाठी माणशी रोज १३५ लिटरचा निकष, जलजीवन मिशनमध्ये गावासाठी ५५ लिटरचा. मुंबईला पाणी देऊ नका असं मी म्हणत नाही, माझे निम्मे नातेवाईक तिथेच राहतात. पण भागीदारीच्या बैठकीत गावकऱ्यांना शिकवायला सगळे येतात आणि सगळ्यात जास्त पाणी उचलणाऱ्या महानगरपालिकेची खुर्चीच मांडलेली नसते, तेव्हा ती भागीदारी नेमकी कुणाकुणाची?

आता शिकण्याकडे येऊ. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून जलस्वराज्य प्रकल्प आला. गावाने मागणी करायची, लोकवर्गणी भरायची, समिती स्थापायची, योजना स्वतः चालवायची, असं त्याचं सूत्र होतं. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचं सूत्रही फारसं वेगळं नाही: ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, तिच्यात निम्म्या महिला, गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण. मुदत २०२४ ची होती, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली. आमच्याकडे एखादा मुलगा त्याच वर्गात पुन्हा बसला तर त्याला काय येत नाही हे आम्ही आधी शोधतो. इथे मागच्या इयत्तेत गाव काय शिकलं, कुठे अडलं, त्या जुन्या समितीतली माणसं आज कुठे आहेत, हे न विचारताच नवं पुस्तक वाटलं जातं.

आणि तपासणी कशाची होते? किती प्रशिक्षणं झाली, हजेरीपटावर किती सह्या-अंगठे, किती फोटो, त्यात किती महिला. शिक्षक म्हणून सांगते, हजेरी म्हणजे शिकणं नव्हे. वर्गात शंभर टक्के हजेरी असूनही भागाकार न येणारी पोरं मी पाहिली आहेत. नळजोडण्या चालतात का, याची पाहणी सरकार करतं, ते चांगलंच आहे. २०२२ च्या अशा पाहणीत देशातल्या ६२ टक्के घरांची नळजोडणी पूर्णपणे कार्यक्षम आढळली. पण ती पाहणी नळाची. पंप जळाला तेव्हा समितीला कुणाला फोन करायचा हे माहीत होतं का, वीजबिल थकलं तेव्हा पाणीपट्टीचा हिशेब कुणी वाचून दाखवला का, किटमध्ये पाणी खराब निघालं तेव्हा त्या बाईचं कुणी ऐकलं का, हे त्यात येत नाही.

परीक्षा कधी घेता, हा तर फार मोठा मुद्दा आहे. प्रशिक्षणं आणि पाहण्या बऱ्याचदा हिवाळ्यात होतात. हवा बरी असते, मार्चअखेर निधी संपवायचा असतो, विहिरीला पाणी असतं. आणि नेमका त्याच काळात कातकरी माणूस पाड्यावर नसतो. दिवाळी झाली की कुटंबंच्या कुटंबं वीटभट्टीवर जातात, ती उन्हाळा संपता संपता परततात. मग पाड्याचं मत कुणी दिलं? जे उरले त्यांनी, म्हणजे म्हाताऱ्यांनी, किंवा गावठाणातल्या एखाद्या हुशार माणसाने, जो सगळ्याच समित्यांवर असतो. कातकऱ्यांच्या कितीतरी वस्त्या दुसऱ्याच्या जमिनीवर आहेत. घराखालची जागाच नावावर नाही, तर नळ कुणाच्या नावाने? अहवालात हा माणूस ‘अनुपस्थित’ म्हणूनसुद्धा येत नाही.

स्वच्छतेचं थोडक्यात सांगते. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. संडास बांधले गेले, ते खोटं नाही. पण डोक्यावरून आणलेल्या हंड्यातलं पाणी संडासात ओतायचं की चुलीवर ठेवायचं, हा हिशेब बाई करते आणि ती बरोबरच करते. मग त्या खोलीत सरपण जातं, आणि अहवालवाले ‘मानसिकता बदलली नाही’ असं लिहितात.

आपल्या मोहल्ल्यालाही यातून सूट नाही. पाण्यात सगळे सामाईक आहेत ही शिकवण आपण अभिमानाने सांगतो. वाहत्या नदीकाठीसुद्धा वुजूचं पाणी उधळू नये हे लहानपणीच आपल्या कानावर पडतं. आणि तीच घरं नळाच्या लाइनला थेट मोटर लावतात, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत थेंब पोचत नाही. वुजूचे मसले तासभर समजावणाऱ्यांनी एका जुम्याला या मोटरीवरही बोलावं. पाणी समितीच्या सभेला आपल्या बायका जात नाहीत, कारण घरातले पुरुष ‘तिथे काय काम’ म्हणतात. पाणी भरायला मात्र त्यांनीच जायचं.

काहीजण म्हणतील, बाई, तुम्ही नुसती नावं ठेवता. या भागीदाऱ्या नसत्या तर आहे तेही झालं नसतं. मान्य. मुंबई आयआयटीतल्या ‘सितारा’ या केंद्राने ठाणे जिल्ह्यातल्या ग्रामीण पाण्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. विद्यार्थी गावोगाव फिरले, नळयोजनेची आखणी स्वस्त आणि नीट व्हावी म्हणून ‘जलतंत्र’ नावाचं सॉफ्टवेअर तिथे तयार झालं. २०१६ पासून उन्नत महाराष्ट्र अभियानातून इतर कॉलेजांनाही या कामात आणण्याचा प्रयत्न झाला. हे खरं शिकणं आहे, कारण इथे प्राध्यापक विहिरीपाशी जाऊन शिकतो. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. ते ज्ञान तालुक्याच्या उपअभियंत्याच्या टेबलावर उतरलं का? त्याची बदली झाल्यावर मागे काही राहिलं का? ग्रामसेवकाला ते मराठीत, त्याला कळेल असं मिळालं का? विद्यार्थ्याला पदवी मिळते, संस्थेला पुढचा प्रकल्प मिळतो, गावाला अहवालाची प्रतसुद्धा मिळत नाही. मी पेपर तपासून मुलांना परत देते, ते पालकांची सही घेऊन आणतात. एवढा साधा नियम इथेही लावा.

म्हणून ज्यांना मूल्यमापन करायचंच आहे त्यांनी मे महिन्यात यावं. एप्रिल-मे मध्ये पाड्यावर आणि वीटभट्टीवर, दोन्हीकडे जावं. प्रकल्प संपल्यावर दोन वर्षांनी, संस्थेची गाडी येणं बंद झाल्यावर, पुन्हा यावं. समितीच्या अध्यक्षाला शेवटी विचारावं आणि लाइनच्या टोकाच्या घरातल्या बाईला आधी. गावाने अधिकाऱ्यांना, संस्थेला आणि कॉलेजला गुण द्यावेत, ते ग्रामसभेत मोठ्याने वाचले जावेत. सभेची नोटीस पाड्यावर तोंडी पोचवावी, आणि जिथे उर्दू वाचणाऱ्या बायका आहेत तिथे उर्दूतही लिहावी. ती मी लिहून देईन, त्याला निधी लागत नाही. आणि पहिलं निमंत्रण मुंबई महानगरपालिकेच्या जलअभियंत्यांना जावं. वाशिंद स्टेशनपर्यंत कसारा लोकल येते.