तहानेचा निरोप

दारी आलेल्या माणसाला आधी पाणी विचारावे आणि मग काम, ही आपल्या घरांची जुनी रीत. उन्हातून आला असेल तर पाण्याबरोबर गुळाचा खडा. यजमान तांब्याभांडे पुढे करी. किती प्यायचे ते पाहुण्याची तहान ठरवी. अर्ध्या भांड्यावर थांबलेल्याला 'अहो, आठ पेले पुरे करा' असे कोणी बजावल्याचे ऐकिवात नाही. आग्रह जेवणाचा होता, पाण्याचा नव्हता.

आता तोही आला आहे. सकाळी टेकडीवर निघालेल्यांच्या हातात लिटरभराची बाटली असते, तिच्यावर तासातासाच्या खुणा असतात आणि खिशातला मोबाईल 'पाणी प्या' म्हणून वाजत असतो. रोज चार लिटर पाण्याने कांती उजळते, वजन उतरते, शरीरातले 'विष' धुऊन निघते, असे छातीठोकपणे सांगणारे आप्त हल्ली घरोघरी आहेत. आमच्या नोकरीच्या काळात हे काम छापील पत्रके करीत. सकाळी उठल्याबरोबर, चूळही न भरता सव्वा लिटर पाणी प्यावे, म्हणजे डोकेदुखीपासून दम्यापर्यंत सारे पळते, असा त्यांतला मजकूर. बँकेतल्या कितीतरी टेबलांच्या काचेखाली देवाच्या तसबिरीशेजारी असे पत्रक असे.

पाण्याला वाईट कोण म्हणेल? ज्या राज्यात उन्हाळा आला की टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, तिथे तर नाहीच नाही. पण तहान नावाची एक फार जुनी आणि फार चोख व्यवस्था निसर्गाने आपल्याला दिली आहे. तहान नसताना केवळ आकडा गाठण्यासाठी पाणी ढोसणे आणि तहान अवाजवी वाढली असता कारण न शोधता तिला पाण्याने गप्प करणे, या दोन्ही गोष्टींत आपण या व्यवस्थेचा निरोप ऐकतच नाही.

मुळात हा आठ पेल्यांचा आकडा आला कुठून? अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते, असे म्हटले होते. त्यापुढेच म्हटले होते की, यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते. आकडा जगभर फिरला, पुढचे वाक्य मागे राहिले. आपला वरणभात, पालेभाजी, ताक, कलिंगडाची फोड यांतले पाणी कोणी मोजत नाही. शरीर मात्र मोजते. मूत्रपिंडाचे अमेरिकन अभ्यासक हाइन्झ वाल्टिन यांनी या आठ पेल्यांच्या नियमाचा माग काढला आणि निरोगी माणसाच्या बाबतीत त्याला शास्त्रीय आधार सापडत नाही, असे २००२ मध्ये लिहिले. आपल्याकडे वाग्भटाने तर शरद आणि ग्रीष्म हे ऋतू सोडले तर निरोग्यानेही पाणी बेतानेच प्यावे, असे सांगून ठेवले आहे.

तहानेचे काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. रक्ताची दाटी शेकडा एकदोन टक्क्यांनी वाढली, तरी मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाला ते कळते. तो एकीकडे तहान लावतो आणि दुसरीकडे एका संप्रेरकामार्फत मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगतो. आपण पाणी प्यायलो की ते रक्तात पुरते उतरण्याआधीच तहान शमू लागते. पुरे झाल्याची वर्दी आधीच पोचते. इतका दक्ष तपासनीस मी बँकेच्या सबंध नोकरीत पाहिला नाही.

त्याला डावलले तर काय होते? निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण लिटरभर, फार तर थोडे अधिक, पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पाणी आत आले की रक्तातले सोडियम पातळ होते. खात्यातली रक्कम तीच राहावी आणि वाटेकरी वाढावेत, तसे. सोडियमची पातळी साधारणपणे १३५ ते १४५ असावी लागते. ती झपाट्याने उतरली की पाणी पेशींमध्ये शिरते आणि पेशी फुगतात. इतरत्र हे निभते. पण कवटीत फुगायला जागा नसते. आधी मळमळ आणि डोकेदुखी, मग भ्रम, मग झटके. यातली पहिली लक्षणे ऊन लागल्यासारखीच दिसतात, आणि भोवतालची माणसे काळजीपोटी आणखी पाणी पाजतात.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम उतरलेले आढळले, आणि त्याच शर्यतीत एक तरुणी या कारणाने दगावली. २००७ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरात एका रेडिओ केंद्राने लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याची स्पर्धा ठेवली. खेळण्याच्या बक्षिसासाठी तीत उतरलेली मुलांची आई काही तासांत मरण पावली. 'नुसते पाणीच तर आहे' हा समज तिच्या जिवावर बेतला.

नुसते पाणी पुरत नाही, हा धडा खरे तर आपल्याच देशात गिरवला गेला. १९७१ मध्ये बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून रोग्यांना पाजले आणि मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते ते चार टक्क्यांच्या खाली आणले. घामाने निथळणाऱ्या शेतमजुराला आजी मीठ घातलेले ताक किंवा पन्हे देई, त्यामागेही हेच शहाणपण होते. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातदेखील वरचे पाणी नको, आईच्या दुधात ते पुरेसे असते, असे डॉक्टर सांगतात, ते आज्यांनीही ऐकायला हवे.

आता दुसरी बाजू. माझ्या एका शाखेत एक रोखपाल होते. पिंजऱ्यात बसून नोटा मोजणारा माणूस सहसा पाणी कमी पितो, कारण रोकड सोडून उठता येत नाही. यांच्या पायाशी मात्र दोन बाटल्या, आणि दुपारपर्यंत दोन्ही रिकाम्या. 'पाणी पिणारा माणूस, बघा किती सडपातळ झाला,' असे शाखेत त्यांचे कौतुक होई. पुढे पायाला झालेली साधी जखम दोन महिने भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासले गेले. मधुमेह होता, आणि बराच जुना होता. तहान महिनोन्‌महिने ओरडून सांगत होती. पण चांगली सवय म्हणून तिची प्रशस्ती चालली होती.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीतून जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान वाढते. पाणी प्यायल्याने मधुमेह होत नाही. मधुमेहाने पाणी प्यावे लागते. चरकाने प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत घशाची कोरड, तहान आणि लघवीला लागणाऱ्या मुंग्या यांची नोंद केलेली आहे. आणि आजचा हिशोब? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मुलांच्या बाबतीत तर फार सावध राहावे. अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा ते करू लागले, सारखे पाणी मागू लागले आणि वाळू लागले, तर त्याला रागावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

प्रत्येक अति तहान साखरेचीच असते असे नाही. पाणी राखणारे संप्रेरक कमी पडले किंवा मूत्रपिंडांनी ते जुमानले नाही, तरी माणूस दिवसरात्र पाणी पितो. काही औषधांनी आणि काही मानसिक विकारांतही असे होते. मात्र कारण कळेपर्यंत अशा माणसाचे पाणी घरच्यांनी तोडू नये. त्याने जीव धोक्यात येऊ शकतो.

तहानेवर सर्वस्वी विसंबू नये अशीही माणसे आहेत. उतारवयात तहान मंदावते, तेव्हा आजीआजोबांना अधूनमधून पाणी विचारावे. मुतखडा झालेल्यांना जास्त पाणी लागते. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या काही रोग्यांना मोजून प्यावे लागते. 'आजोबांचे सोडियम उतरले' हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते. त्यामागे पुष्कळदा एखादा आजार किंवा रक्तदाबाची गोळी असते. अशा वेळी मनाने मीठ वाढवू नये आणि पाणीही वाढवू नये.

आणि एक तहान अशी आहे, जी कळूनही मारली जाते. एस.टी.च्या प्रवासात, बाजारात, उसाच्या फडात, कित्येक शाळांतही बायका पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छ, दार लागणारे स्वच्छतागृह नसते. मग मूत्रमार्गाचे दुखणे मागे लागते. त्यांना 'चार लिटर पाणी प्या' असा सल्ला देण्याआधी त्यांनी जायचे कुठे, याचे उत्तर आपण द्यायला हवे.

बाकीच्यांसाठी नियम साधा आहे. तहान लागली की प्यावे, भागली की थांबावे, उन्हात आणि कष्टात पाण्याबरोबर थोडे मीठही पोटात जाऊ द्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर काळजी नाही. मात्र घरात कोणी रात्रीतून तीनतीनदा पाण्यासाठी आणि लघवीसाठी उठत असेल, तर उशाशी मोठा तांब्या ठेवून भागणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, उपाशीपोटी, त्याचे रक्त तपासून घ्यावे.